खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन: जिथे प्रत्येक गाडी उलटी फिरायची

(हे आमच्या एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना अडखळलेलं आणि दोनदा सांगितलेलं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. वेळ नसेल तर उपशीर्षकं बघून हवं तिथे उडी मारा.)

चऱ्होलीतून रेकॉर्ड करतोय. लोहगावचा विमानतळ जवळच आहे, त्यामुळे मध्येच डोक्यावरून विमान गेलं तर समजून घ्या.

आजचा विषय तुमच्या मेसेजमधून आलाय. मागच्या महिन्यात मोशीहून एकीने विचारलं होतं, "दादा, बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर एपिसोड करा ना. पण आपल्या भागातलं पाहिजे." आता गंमत बघा, आपल्या चऱ्होलीत बंद पडायला मुळात स्टेशनच नव्हतं. विमान आलं, हायवे आले, चाकणच्या कंपन्या आल्या, ट्रकांच्या रांगा आल्या, पण रेल्वे काही आली नाही. पुणे–मिरज मार्गावर 'आळंदी' नावाचं स्टेशन आहे, पण ते माउलींच्या आळंदीचं नाही, चोराच्या आळंदीचं. आपल्याला गाडी पकडायची तर चिंचवड, पिंपरी, कासारवाडी नाहीतर थेट पुणे.

मग शोधायला लागलो. आणि लक्षात आलं की महाराष्ट्रातलं एक भारी बंद स्टेशन आपल्याच लाइनवर आहे. चिंचवडवरून जी लोकल लोणावळ्याला जाते ना, तीच लाइन पुढे घाटात उतरते, आणि तिथे जंगलात ते स्टेशन होतं. त्याच्या आसपास गाव नव्हतं, बाजार नव्हता. नावसुद्धा गावाचं नाही, कामाचं होतं: रिव्हर्सिंग स्टेशन.

आणि आपलं त्या डोंगराशी आणखी एक नातं आहे. आपली इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते, देहू, आळंदी करत चऱ्होलीच्या शिवारातून पुढे जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे आपल्या नदीचं पाणी त्याच डोंगररांगेतून येतं. आजची गोष्टही तिथलीच.

आधी घाट समजून घेऊ

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेत पाठ केलेलं आहे. कंपनी होती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी. पण या कंपनीला ठाण्याशी काय देणंघेणं? तिला हवा होता देशावरचा कापूस. तो बंदरापर्यंत आणायचा तर मध्ये सह्याद्री उभा.

तर कंपनीने काय केलं? दोन्ही बाजूंनी रूळ टाकले. खालून १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोचली. वरून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मध्ये घाट तसाच. आजची कर्जत–खोपोली लोकल ही त्या जुन्या काळाची आठवण आहे. कधीकाळी मुंबईची गाडी तिथेच संपायची.

आता १८५८ ते १८६३ ही पाच वर्षं डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून आलात, खोपोलीला उतरलात. तिथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढायचा. वर खंडाळ्याला पोचलात की दुसऱ्या गाडीत बसून पुण्याला. आज आपण एका मेट्रोतून उतरून दुसरी पकडताना कुरकुरतो. इथे दोन गाड्यांच्या मध्ये अख्खा बोरघाट होता.

रेल्वेला चढ का जमत नाही?

हे नीट समजलं की पुढचं सगळं समजेल, म्हणून दोन मिनिटं द्या.

रेल्वेचं चाक लोखंडी, रूळही लोखंडी. दोन्ही गुळगुळीत. त्यामुळे घर्षण कमी, आणि म्हणून सपाट जमिनीवर एक इंजिन शेकडो टन आरामात ओढतं. ट्रकला हे जमणार नाही. पण हाच फायदा चढावर अंगाशी येतो. पकडच कमी, त्यामुळे चढ जास्त झाला की चाक जागच्या जागी फिरतं, गाडी पुढे सरकत नाही. पावसात रूळ ओले असतील तर आणखी वाईट.

बोरघाटातला सगळ्यात तीव्र चढ आहे '३७ला १'. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं ना? बाईकवर असाल तर जाणवणारही नाही. पण आजचा एलएचबी डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब असतो. म्हणजे एकाच डब्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा ६० सेंटिमीटरहून जास्त वर. अशा १६ डब्यांची गाडी धरा: पहिल्या डब्याचं पुढचं टोक शेवटच्या डब्याच्या मागच्या टोकापेक्षा जवळपास १० मीटर उंच. तीन मजली इमारत झाली की हो! आणि रेल्वेच्या जगात हा चढ खूपच मोठा मानतात.

घाटाचा हा भाग साधारण साडेपंचवीस किलोमीटरचा, आणि तेवढ्यात चढायचं १८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर. सरळ रेषेत वर जाणं शक्यच नाही. एकच उपाय: रस्ता लांबवायचा. डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत जायचं, म्हणजे तेवढीच उंची जास्त अंतरात विभागली जाते. गडावर जाताना पायवाट नागमोडी का असते? तेच कारण.

पण पायवाटेला चटकन वळता येतं, गाडीला नाही. गाडीला मोठं, पसरट वळण लागतं. आणि घाटात वरच्या अंगाला आल्यावर इंजिनिअरांपुढे नेमकी हीच अडचण आली. डोंगराची सोंड संपली. समोर खोल दरी, खाली खोपोली. वळायला जागा नाही. त्या काळात लांबलचक बोगदा खणायचा म्हणजे वर्षानुवर्षं आणि अफाट पैसा.

मग गाडी उलटी फिरवली

त्यांनी काढलेला तोडगा एकदम साधा होता. वळायला जागा नाही ना? मग वळूच नका. पुढे जा, थांबा, आणि मागे फिरा.

इंग्रजी 'व्ही' अक्षर आडवं पाडल्यासारखं समजा. खालून कर्जतकडून गाडी एका बाजूने चढत आली. व्हीच्या टोकाशी सपाट जागेवर थांबली. हे रिव्हर्सिंग स्टेशन. इथे इंजिन सोडायचं, बाजूच्या रुळावरून मागच्या टोकाला न्यायचं आणि तिकडून जोडायचं. आता जो डबा शेवटचा होता तो पहिला झाला. गाडी निघाली उलट्या दिशेने, पण चढतच, व्हीच्या दुसऱ्या पायावरून खंडाळ्याकडे.

खिडकीत बसलेल्याचं काय होत असेल? मघापर्यंत तोंड पुढे करून बसला होता, आता पाठ पुढे. नवख्या माणसाला नक्की वाटलं असणार, की गाडी परत मुंबईला निघाली!

ही युक्ती फक्त आपल्याकडची नव्हती. कसाऱ्याच्या थळघाटातही असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला आजही असे झिगझॅग आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेला लिथगो इथे १८६९ मध्ये मोठा झिगझॅग झाला. लिथगो लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

हे बांधलं कोणी?

कागदावरचं नाव जेम्स बर्कली. जीआयपीचा मुख्य इंजिनिअर. घाटाची आखणी त्याच्या देखरेखीखाली झाली. काम १८५६ मध्ये सुरू झालं. बर्कली स्वतः मात्र घाटातून गाडी जाताना बघू शकला नाही. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. त्यानंतर काही महिन्यांनी, १८६३ मध्ये, गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते घाटाच्या मार्गाचं उद्घाटन झालं.

कामाचा आवाका ऐका. २५ बोगदे. ८ मोठे कमानीपूल. सुमारे २० लाख घनयार्ड कातळ फोडला. आणि कशाने फोडला? डायनामाइटने म्हणाल तर चूक. नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं १८६७ मध्ये, म्हणजे घाट पूर्ण झाल्यावर चार वर्षांनी. इथे होती ती पहार, घण आणि साधी बंदुकीची दारू. उभ्या कड्यावर माणसं दोराने खाली सोडायची. लोंबकळत कातळात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात लावायची, आणि ती पेटायच्या आत वर ओढून घ्यायचं. दोर ओढणारा चुकला तर संपलं.

१८६१ च्या सुरुवातीला या घाटात एकाच वेळी ४२ हजारांहून जास्त माणसं कामावर होती. पुरुष, बाया, पोरंसुद्धा. पुरुष फोडायचे, बाया-पोरं डोक्यावरून वाहायची. पावसाळ्यात उघड्यावरचं काम थांबायचं. पिण्याच्या पाण्याची धड सोय नाही, दाटीवाटीच्या झोपड्या, आणि मग पटकी, म्हणजे कॉलरा. पटकी वस्तीत शिरली की माणसं पटापट मरायची, आणि उरलेली घाबरून गावाकडे पळायची.

मेले किती? इतिहासकारांचे अंदाज २५ हजारांपर्यंत जातात. कोणी कमी सांगतं. पण हजारोंनी मेले यावर वाद नाही. बर्कलीचं नाव आपल्याला माहीत आहे, ठेकेदारांची नावं माहीत आहेत. त्या हजारोंपैकी एकाचंही नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. यापुढे लोणावळ्याच्या पुढे बोगदा आला आणि डब्यात पोरं "ओऽऽऽ" करून ओरडली, की हे एकदा आठवा.

२० जानेवारी १८५९: पगार थकला

हा भाग खास चाकण, भोसरीत काम करणाऱ्या आपल्या श्रोत्यांसाठी.

घाटाचा पहिला ठेका विल्यम फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडे होता. त्याने कामाचे तुकडे करून पोटठेकेदारांना दिले. पोटठेकेदारांनी मुकादम धरले. मुकादमांनी गावोगावची माणसं आणली. म्हणजे कंपनी, ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम आणि सगळ्यात खाली मजूर. ओळखीची वाटतेय ना ही साखळी? वरून पैसे सुटले तरी खाली पोचेपर्यंत कुठे ना कुठे अडकायचे.

मजुरी थकली. लोक विचारायला गेले तर दाद नाही. २० जानेवारी १८५९ ला घाटात दंगल झाली. मजुरांनी गोऱ्या देखरेखवाल्यांवर हल्ला केला, त्यात एक युरोपीय माणूस मारला गेला. सरकारने चौकशी केली, आणि मजुरांची तक्रार निव्वळ कांगावा नव्हता हे पुढे आलं. त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला.

आणि याचा परिणाम थेट कायद्यापर्यंत गेला. अशा वादांमुळे १८६० मध्ये मालक आणि कामगारांच्या तंट्यांबद्दल एक कायदा झाला. रेल्वे, कालवे अशा बांधकामांवर मजुरीचा वाद झाला तर मॅजिस्ट्रेटने तो झटपट निकाली काढायचा. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच कायद्यात दुसरी बाजूही होती: कबूल केलेलं काम मध्येच सोडून गेलेल्या मजुराला शिक्षा. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने बांधून ठेवलं. तरी एवढं खरं, की थकलेल्या मजुरीसाठी दाद मागण्याची एक सरकारी वाट त्या घाटातल्या भांडणामुळेही निघाली. ती ज्यांच्यामुळे निघाली, त्यांची नावंही कुठे नाहीत.

अ‍ॅलिस ट्रेडवेल

फॅव्हिएल गेल्यावर ठेका आला सॉलोमन ट्रेडवेलकडे. तो १८५९ मध्ये बायकोला घेऊन इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. आता बायको काय करेल असं सगळ्यांना वाटलं असेल? बोटीचं तिकीट काढून परत.

अ‍ॅलिस ट्रेडवेल परत गेली नाही. तिने नवऱ्याचा ठेका स्वतःच्या नावावर चालू ठेवला. रोजच्या कामासाठी अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनिअरांना नेमलं. १८६१ चा तो ४२ हजार माणसांचा आकडा तिच्याच ठेक्याच्या काळातला. १८५९–६० साली एवढ्या मोठ्या कामाचा ठेका एका बाईच्या नावावर, हे तेव्हाच्या इंग्लंडमध्येही विरळा होतं. पण एक सांगतो, कौतुक करताना तोल सांभाळू या. पटकीने माणसं मरत होती ती तिच्याही काळात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आणि शिंग्रोबा?

जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने घाटात गेला असाल तर शिंग्रोबाचं देऊळ बघितलं असेल. कित्येक ड्रायव्हर अजून तिथे हात जोडतात, नाणं टाकतात.

त्याची दंतकथा अशी: इंग्रजांना घाटातून वाट सापडेना. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना आपल्या जनावरांची वाट दाखवली. काम झालं. साहेब म्हणाला, माग काय हवं ते. शिंग्रोबा म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. काही जण ही गोष्ट रस्त्याची म्हणून सांगतात, काही जण रेल्वेची.

दंतकथा ही दंतकथा म्हणूनच ऐकायची. पण ती का टिकली याचा विचार करा. कागदावर फक्त साहेबांची नावं राहिली. डोंगर ज्यांना पायाखालचा माहीत होता त्यांचं नाव कुठेच नाही. मग लोकांनी स्वतःच एक नाव जपलं, त्याला देऊळ बांधलं. मला तर वाटतं घाटातल्या त्या सगळ्या बिननावाच्या माणसांचं ते एकुलतं एक स्मारक आहे.

चालू झालं, पण भीती गेली नाही

१८६३ पासून मुंबई–पुणे सलग गाडी सुरू झाली. पण हा घाट सहज ऐकणारा नव्हता. १८६७ मध्ये पावसाळ्यात घाटातला एक मोठा कमानीपूल कोसळला. पूर्ण होऊन चार वर्षंही झाली होती-नव्हती.

आणि घाट चढण्यापेक्षा उतरणं जास्त अवघड, हे लक्षात घ्या. चढताना इंजिन दमलं तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक दमला तर गाडी थांबतच नाही. रिव्हर्सिंग स्टेशन तर बंद टोकाचं. खंडाळ्याहून खाली येणारी गाडी तिथे थांबलीच पाहिजे, कारण पुढे रूळच नाहीत. जानेवारी १८६९ मध्ये उतरणारी एक प्रवासी गाडी चालकाला आवरेना. ती रिव्हर्सिंग स्टेशनवर थांबू शकली नाही, टोक ओलांडून गेली आणि माणसं मेली.

आजही घाटात यावर उपाय म्हणून 'कॅच सायडिंग' असते. मुख्य रुळाच्या बाजूला चढाचा एक बंद फाटा. उतरणारी गाडी ताब्यात आहे अशी खात्री झाली तरच तिला मुख्य मार्ग मिळतो. नाहीतर ती आपोआप त्या चढावर जाते आणि तिचा वेग मरतो. गाडी घाटात मध्येच थांबली की आपण म्हणतो "आता काय झालं?" बऱ्याचदा झालेलं काहीच नसतं. ब्रेक तपासायला मुद्दाम थांबवलेली असते.

१९२९: स्टेशन संपलं

रिव्हर्सिंग स्टेशन ६६ वर्षं चाललं. मग बंद का झालं?

कारण एक, वेळ. प्रत्येक गाडीला थांबायचं, इंजिन फिरवायचं, पुन्हा निघायचं. कारण दोन, लांबी. बंद टोकाच्या जागेत मावेल तेवढीच गाडी नेता येणार. डबे वाढवायचे तर जागाच नाही. डोंगराच्या सोंडेवर प्लॅटफॉर्म लांबवणार कुठे? कारण तीन, वाहतूक. गाड्या वाढल्या की एक गाडी फिरत असताना मागच्या सगळ्या खोळंबणार.

आणि कारण चार, वीज. १९२५ मध्ये मुंबईत भारतातली पहिली विजेची गाडी धावली. १९२९ मध्ये तारा पुण्यापर्यंत आल्या. विजेचं इंजिन वाफेच्या इंजिनापेक्षा चढावर दमदार. त्याच वेळी घाटाच्या या टप्प्यात नवीन मार्ग काढला. १८६० साली जे बोगदे परवडत नव्हते ते आता खणले आणि डोंगराच्या सोंडेला वळसा घालायच्या ऐवजी सरळ पोटातून गेले. व्हीचं टोकच कापून टाकलं म्हणा ना.

पुढच्याच वर्षी, १ जून १९३० ला, डेक्कन क्वीन सुरू झाली आणि सुमारे पावणेतीन तासांत मुंबई–पुणे करू लागली. रिव्हर्सिंग स्टेशन असतं तर हे शक्यच नव्हतं. राणी धावावी म्हणून एक स्टेशन गेलं.

पण घाट मात्र तोच राहिला. ३७ला १ हा चढ आजही आहे. म्हणून बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, त्यांना 'बँकर' म्हणतात, आणि वर पोचल्यावर ती सुटतात. तुम्ही कर्जतला वडा खायला जो वेळ मिळवता तो या बँकरच्या कृपेने! वंदे भारतला मात्र डब्यांखालीच मोटरा असतात, त्यामुळे ती बँकरशिवाय चढते.

आज तिथे काय आहे?

जंगल. जुन्या रूळमार्गाची सपाट पट्टी, दगडी बांधकाम, सोडून दिलेला बोगदा, आणि खाली खोपोलीकडची दरी. पलीकडे एक्स्प्रेसवेचा आवाज.

लगेच "चला रील बनवू" म्हणू नका. चालू रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घाटात वळणावर गाडी दिसायच्या आत अंगावर येते. पावसात दरडी कोसळतात त्या वेगळ्या. २०१९ च्या पावसात मंकी हिल भागात रुळांचं इतकं नुकसान झालं की कितीतरी गाड्या दिवसेंदिवस रद्द होत्या. रुळांची ही अवस्था, तर माणसाचं काय? बघायचंच असेल तर खंडाळ्याच्या राजमाची पॉइंटवरून घाट बघा. कोणता डोंगर फोडून ही लाइन काढली ते तिथून कळतं.

आता लिथगो आठवा. त्यांचा झिगझॅगही असाच, नवीन बोगदे झाल्यावर १९१० मध्ये बंद झाला. पण तो त्यांनी टाकून दिला नाही. आज तिथे पर्यटकांची गाडी धावते, कमानीपूल नीट राखलेत. आपल्याकडे गाडी धावणं अवघड असेल, मान्य. पण एक फलक? ४२ हजार माणसं इथे राबली, एवढं लिहिलेला एक दगड? घाटातल्या जुन्या खुणा एकेक करून जाताहेत. ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या शांततेत स्फोटाने पाडला. पाडण्याची कारणं असतील, पुलाच्या खांबांपाशी वाहनं अडकायची, अपघात व्हायचे. प्रश्न एवढाच, की पाडण्याआधी आपण काय जपून ठेवतो?

स्टेशन दोन तऱ्हेने मरतं

हे सगळं वाचताना माझ्या एक लक्षात आलं. स्टेशन दोन तऱ्हेने मरतं.

एक म्हणजे त्याचं काम संपतं. रिव्हर्सिंग स्टेशन असं गेलं. त्यापेक्षा चांगला मार्ग झाला, कोणाचंच नुकसान झालं नाही.

दुसरी तऱ्हा वाईट. काम संपलेलं नसतं, फक्त लक्ष काढून घेतलेलं असतं. विदर्भातली शकुंतला बघा. यवतमाळ–मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर–अचलपूर ७६ किलोमीटर, कापसासाठी टाकलेली इंग्रजांच्या काळातली छोटी लाइन. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं, आणि गेली काही वर्षं गाडीच बंद. त्या स्टेशनांच्या भोवती गावं आहेत, माणसं आहेत, आणि ती ब्रॉडगेज होण्याची वाट बघताहेत.

आणि आपण? आपण तिसरेच. आपण न जन्मलेल्या स्टेशनची वाट बघतोय. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे, सुमारे २३५ किलोमीटर. मूळ आराखड्यात आळंदी होतं, चाकण होतं. मग नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण मध्ये आली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत ऐकणाऱ्या. विजेवरची गाडी जवळून गेली तर त्यांना त्रास, म्हणून मार्ग बदलायचं ठरलं. बदललेल्या मार्गात चाकणचं काय होणार, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीपासून ग्रामसभेपर्यंत चर्चा आहे.

त्या चर्चेत रिव्हर्सिंग स्टेशनकडून दोन गोष्टी घेता येतील. पहिली, डोंगर असो नाहीतर दुर्बीण, अडचण आली की त्या काळात परवडेल असा तोडगा निघतो, आणि साठ-सत्तर वर्षांनी चांगला तोडगा त्याला मागे टाकतो. मार्ग कायमचा नसतो. दुसरी, मार्ग कोणताही ठरो, तो बांधणाऱ्या माणसांची मजुरी वेळेवर मिळते का, त्यांना प्यायला पाणी आहे का, आणि त्यांची नावं कुठे लिहिली जाताहेत का, हे विचारणारं कोणीतरी लागतं. १८५९ मध्ये विचारायला दंगल करावी लागली. आता तुमच्या हातात फोन आहे.

तर पुढच्या वेळी लोणावळ्याच्या पुढे जाल, तेव्हा खंडाळा गेलं की कानातले इअरफोन काढा. आमचा एपिसोड चालू असला तरी काढा! मंकी हिल येईपर्यंत एकामागून एक बोगदे लागतील. त्याच टप्प्यात जवळच कुठेतरी ६६ वर्षं प्रत्येक गाडी थांबायची, श्वास घ्यायची आणि उलटी फिरायची.

तुमच्या गावाजवळ असं एखादं बंद स्टेशन असेल, किंवा घरात कोणी रेल्वेत गँगमन, पॉइंट्समन, गार्ड होतं, तर त्यांच्याशी बोलून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. आजोबांना विचारायचं राहून गेलं असं नंतर वाटायला नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम कृष्ण हरी!